पहिलं कंपाऊंड धनुष्य: आधी हात मापा

भाच्याने मोबाइलवर एका अमेरिकन शिकाऱ्याचं धनुष्य दाखवलं. काळपट हिरवं, आखूड, दोन्ही टोकांना चाकं. "मामा, शिकारीचं पहिलं धनुष्य म्हणून हे घेऊ का?" त्याच्या बोलण्यात 'सत्तर पौंड' (दोरी ओढायचा ताण) आणि 'सेकंदाला ३४० फूट' (बाणाचा वेग) हे दोन आकडे सारखे येत होते.

शिकारीचा विषय मी आधी मिटवला. सोलापुरातून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नजचा माळ लागतो. माळढोकासाठी १९७९ साली हे अभयारण्य झालं. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण काळविटांचे कळप आणि लांडगे तिथे आहेत, आणि ते पाहायला मी त्याला लहानपणापासून नेत आलोय. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट आणि लांडगा दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या देशात हौसेच्या शिकारीला परवाना मिळतच नाही, आणि तो मिळू नये असंच मला मनापासून वाटतं. गवतात उभा असलेला काळवीट दुर्बिणीतून पाहावा.

धनुष्याची ओढ मात्र मला समजते. कॉलेजात असताना मी बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड, म्हणजे आपल्याकडची देशी तिरंदाजी, खेळलो आहे. कंपाऊंड, म्हणजे या चाकांच्या धनुष्याची तिरंदाजी, हा आता आपल्या मातीतलाच खेळ झालाय. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी एकाच दिवशी जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही येते आहे. तेव्हा धनुष्य जरूर घ्यावं. प्रश्न एवढाच, की ते कशावरून निवडायचं?

त्यासाठी ती चाकं काय करतात ते कळायला हवं. अमेरिकेतल्या मिसुरीत हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली. १९६६ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळालं. खुबी अशी, की या चाकांचा आस मध्यावर नसतो. अशा चाकाला कॅम म्हणतात. सोलापूरकराला त्याचं नवल वाटू नये. यंत्रमागातही मध्य सोडून बसवलेलं चाक सारख्या फिरण्यातून हवी तशी कमीजास्त हालचाल काढून देतं.

साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. पूर्ण ताणलं की सगळ्यात जड, आणि नेमकं तेव्हाच हात स्थिर ठेवून नेम धरायचा असतो. कंपाऊंडचं ओढणं घाट चढल्यासारखं असतं. सुरुवातीला खडी चढण, मग लांब पठार आणि शेवटी एकदम उतार. कॅम फिरला की दोरीला तरफेचा फायदा मिळतो आणि हातावरचा भार एकदम कमी होतो. याला लेट-ऑफ म्हणतात. ५० पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेबावीस किलो ताणाच्या धनुष्याला ८० टक्के लेट-ऑफ असेल, तर नेम धरताना बोटांवर फक्त १० पौंड, म्हणजे साडेचार किलो उरतात.

शेवटी भार कमी होतो म्हणून ऊर्जा कमी साठते असं मात्र नाही. ओढताना हाताने केलेलं सगळं काम धनुष्याच्या पात्यांत, म्हणजे लिंबमध्ये, साठतं. मधलं पठार लांब असल्यामुळे ते काम साध्या धनुष्यापेक्षा जास्तच भरतं. ५० पौंडांचं साधं धनुष्य अर्धा मीटर ओढलं तर साधारण ५५ ज्यूल ऊर्जा साठते. तेवढ्याच पौंडांच्या कंपाऊंडमध्ये ती पंचाहत्तरच्या आसपास जाते. यातली बरीचशी २६ ग्रॅमच्या बाणाला मिळते, आणि तो ताशी जवळपास २५० किलोमीटर वेगाने सुटतो.

नवख्याची चूक होते ती पुढच्या गोष्टीत. माझ्या बांबूच्या धनुष्याची दोरी माझा हात जिथे थांबेल तिथे थांबायची. माझ्या हाताचं माप धनुष्याला ठाऊक नसलं तरी चालायचं. कंपाऊंडमध्ये कुठे थांबायचं ते कॅम ठरवतो. तो एका जागी भिंतीसारखा अडतो आणि त्याच्यापुढे दोरी येत नाही. ती भिंत तुमच्या हाताच्या मापाला आली नाही, तर दरवेळी तुम्हीच अंग वाकवून तिच्याशी जुळवून घेता. म्हणून ड्रॉ लेंथ, म्हणजे ओढीची लांबी, हे कंपाऊंडचं पहिलं माप. पौंड, वेग, रंग हे सगळं त्याच्यानंतर.

मापायला काही लागत नाही. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर पसरायचे (ताणून नाही, सहज) आणि मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत इंचांत माप घ्यायचं. त्याला अडीचने भागलं की ओढीची लांबी मिळते. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या. भाच्याचं माप भरलं ६८ इंच, म्हणजे ओढ सव्वासत्तावीस इंचांच्या जवळ. त्याने पसंत केलेलं धनुष्य २९ इंचांवर लावलेलं होतं. पावणेदोन इंच जास्त! अशा धनुष्यावर माणूस मागे झुकतो, पुढच्या हाताचं कोपर ताठ होतं, दोरी कोपराखालच्या हातावर फटकारते आणि मागचा हात जबड्याशी टेकण्याऐवजी कानामागे जातो. अशा स्थितीत केलेला सराव म्हणजे चूक पाठ करणं. भागाकाराने येतं ते माप अंदाजाचं असतं, अर्धा इंच इकडेतिकडे होतो. म्हणून प्रशिक्षकासमोर ओढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि पहिलं धनुष्य ओढीची लांबी व पौंड दोन्ही बदलता येतील असंच घ्यावं. सोळा-सतराव्या वर्षी हात अजून वाढत असतात.

पौंडांची परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बसायचं, बाण चढवून धनुष्य लक्ष्याच्या दिशेने समोर धरायचं आणि हात आकाशाकडे न नेता सरळ मागे ओढायचं. वर उचलून झटका द्यावा लागला तर पौंड जास्त आहेत. स्पर्धेत कंपाऊंडला ६० पौंडांची मर्यादा आहे आणि ५० मीटरवर नेम धरायचा असतो. पहिल्या वर्षी बहुतेक तरुणांना ३५ ते ४५ पौंड पुरतात. सत्तर पौंडांच्या हट्टापायी खांदा गमावू नये. ओढलेलं धनुष्य बाण न सोडता परत आणतानाही हीच कसोटी लागते. उतारावरून परत पठारावर येताना दोरी हाताला एकदम पुढे खेचते.

आता तो ३४० फुटांचा आकडा. असा वेग ठरलेल्या पद्धतीने मोजतात: ७० पौंड ताण, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २३ ग्रॅमचा हलका बाण. सव्वासत्तावीस इंचांच्या मुलाच्या हातात हा वेग येणारच नाही. ओढ इंचभर कमी झाली की वेग साधारण दहा फुटांनी घटतो.

आणि शिकार जिथे कायदेशीर आहे, त्या अमेरिकेतले जाणते शिकारीही वेगामागे धावत नाहीत. कारण साधं भौतिकशास्त्र आहे. हरीण ३० मीटरवर आहे असं धरा. दोरी सुटल्याचा आवाज त्याच्याकडे ०.०९ सेकंदात पोहोचतो. सेकंदाला ७५ मीटरने जाणाऱ्या बाणाला ०.४० सेकंद लागतात. मधल्या तीन दशांश सेकंदात दचकलेलं हरीण उडी मारण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं आणि बाण वरून जातो किंवा भलतीकडे लागतो. वेग दहा टक्के वाढवला तरी जेमतेम ०.०४ सेकंद वाचतात. बाण आवाजाच्या पुढे जाणं शक्यच नाही. म्हणून ते जड बाण आणि कमी आवाजाचं धनुष्य निवडतात. झाडावरच्या मचाणावर फिरवता यावं म्हणून दोन चाकांमधलं अंतर ३० इंचांच्या आसपास ठेवतात. आपल्याला मैदानावर उभं राहून नेम धरायचाय. तिथे ३६ इंचांच्या पुढचं लांब धनुष्य हातात शांत राहतं. भाच्याने पाहिलेलं आखूड धनुष्य वाईट नव्हतं, ते दुसऱ्या कामाचं होतं.

बाण धनुष्याच्या ताकदीला जुळणारा हवा. त्याचा ताठपणा आकड्यात सांगतात. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाणाची काडी ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगलं आणि ती अर्धा इंच वाकली, तर ती ५००ची. आकडा लहान तेवढी काडी ताठ. फार हलका बाण घेऊ नये. पौंडाला निदान पाच ग्रेन वजन हवंच. बाणाशिवाय दोरी कधीही सोडायची नाही. जी ऊर्जा बाण घेऊन जातो ती मग धनुष्याच्याच अंगावर येते, आणि पाती तडकू शकतात. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी हलकेच वाकवून कानाशी धरावा. करकर ऐकू आली तर तो बाद.

राहिली दोरी, आणि इथे सोलापूरकर इतरांच्या पुढे आहे. ही दोरी म्हणजे मुख्यतः अति-लांब रेणूंच्या पॉलिथिलीनचं पीळ दिलेलं सूतच असतं. पीळ वाढवला की ते आखडतं, उतरवला की लांबतं, हे आपल्याकडे मागावर काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ताण आणि उष्णता एकत्र आली की हे सूत हळूहळू कायमचं लांबतं. मग दोन कॅम एकाच वेळी भिंतीला लागत नाहीत आणि काल जमलेला नेम आज चुकतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसवर जातो, आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीत तो साठीच्या घरात पोहोचतो. त्या गाडीत दुपारभर राहिलेल्या धनुष्याची दोरी तर सैलावतेच, शिवाय पात्यांचे थर धरून ठेवणारा डिंकही कमजोर होऊ शकतो. भाच्याला मी सांगितलंय, सरावाहून येताना भाजी घ्यायला थांबलास तरी धनुष्य खांद्याला अडकवूनच गाडीतून उतर.