तुमच्या दुकानाचा एमआयडी : कुठे सापडतो, कशाला लागतो, कुठे अडतो

कार्ड मशीन, क्यूआर स्टिकर किंवा साउंडबॉक्स घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी. आर्णी, दारव्हा, दिग्रस, नेर आणि आसपासच्या गावांतील किराणा, मेडिकल, कृषी केंद्र, हॉटेल, हार्डवेअर, गॅरेज या सगळ्यांना ही माहिती लागू पडते.

एमआयडी म्हणजे काय

मर्चंट आयडी, म्हणजे एमआयडी, हा तुमच्या धंद्याला मिळालेला क्रमांक. मशीन किंवा क्यूआर ज्या बँकेचे किंवा कंपनीचे, तीच तो देते. गिऱ्हाइकाने कार्ड लावले की रकमेबरोबर हा क्रमांकही पुढे जातो आणि त्यावरूनच पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे ते ठरते. कार्ड व्यवहाराच्या संदेशात त्याच्यासाठी 15 जागा राखलेल्या असतात, म्हणून कार्ड मशीनचा एमआयडी बहुतेक वेळा 15 अंकी-अक्षरी दिसतो. क्यूआरवाल्या कंपन्यांचा लहान-मोठा असू शकतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एमआयडी मशीनचा नसतो, बँकेच्या नोंदीत तुमच्या धंद्याचा असतो. मशीन बिघडून बदलले तरी एमआयडी तोच राहू शकतो. आणि तुमचे खाते ज्या शाखेत आहे, तिचा या क्रमांकाशी बरेचदा काही संबंध नसतो. खाते ग्रामीण बँकेत आणि मशीन दुसऱ्याच बँकेचे, असे आपल्याकडे सर्रास आहे. अशा वेळी पैसे आले नाहीत म्हणून खात्याच्या शाखेत चकरा मारून उपयोग नाही. तक्रार एमआयडी देणाऱ्याकडेच करायची.

त्याच्या जवळपासचे इतर क्रमांक

टीआयडी हा एका मशीनचा क्रमांक, 8 जागांचा. एका एमआयडीखाली दोन-तीन मशीन असू शकतात, प्रत्येकाचा टीआयडी वेगळा. एमसीसी हा धंद्याचा प्रकार सांगणारा 4 अंकी कोड: किराण्याला 5411, औषध दुकानाला 5912, हॉटेल-खानावळीला 5812, हार्डवेअरला 5251, पेट्रोल पंपाला 5541, हॉस्पिटलला 8062. आरआरएन हा एका व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक. त्याचा पहिला अंक सहसा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. 5168 ने सुरू होणारा आरआरएन म्हणजे 2025 चा 168 वा दिवस, 17 जून. गिऱ्हाईक कालचा मेसेज आजचा म्हणून दाखवत असेल, तर एवढ्यावरूनही शंका घेता येते.

कृषी केंद्रवाल्यांसाठी वेगळे सांगायला हवे. युरियाची किंवा डीएपीची बॅग देताना ज्या पॉस मशीनवर कास्तकाराचा अंगठा घेता, ते अनुदानित खताच्या नोंदीचे मशीन आहे. त्यावर पैसे येत नाहीत. तिथला एमएफएमएस आयडी हा खत विक्रेता म्हणून तुमचा क्रमांक, एमआयडी नव्हे. जीएसटी क्रमांक तर आणखी वेगळा. टेबलावर दोन मशीन शेजारी-शेजारी असली की फोनवर भलताच क्रमांक सांगितला जातो आणि तक्रार नोंदवली जात नाही.

एमआयडी कुठे बघायचा

कार्ड मशीन असेल तर चार्ज स्लिप, म्हणजे मशीनमधून निघणारी पावती, हातात घ्या. सर्वात वर दुकानाचे नाव आणि गाव, त्याखाली तारीख-वेळ, मग एमआयडी आणि टीआयडी, बहुधा एकाच ओळीत. त्याखाली बॅच क्रमांक, इनव्हॉइस क्रमांक, कार्डाचे शेवटचे 4 अंक, आरआरएन आणि 6 जागांचा अप्रूव्हल कोड. नुसता क्यूआर असेल तर कंपनीच्या व्यापारी अ‍ॅपमध्ये प्रोफाइल किंवा सेटिंगमध्ये बघा. स्टिकरवर क्यूआरखाली छापलेला, मध्ये ‘@’ चिन्ह असलेला पत्ता हा तुमचा यूपीआय आयडी आहे. तो एमआयडी नाही, पण तक्रारीत तोही लागतो.

ज्या दिवशी मशीन बसेल त्याच दिवशी एमआयडी, टीआयडी, यूपीआय आयडी आणि तक्रारीचा फोन नंबर जाड पेनने लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. मशीन बंद पडले की स्लिप निघत नाही, आणि नेमका तेव्हाच हा नंबर विचारला जातो.

स्लिपा थर्मल कागदाच्या असतात. वैशाखात पत्र्याखालच्या दुकानात त्या काळ्या पडतात किंवा अक्षरे उडून जातात. मोठ्या रकमेच्या स्लिपचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. बाकीच्या स्लिपा उन्हापासून लांब, बिलाच्या दुसऱ्या प्रतीसोबत किमान वर्षभर जपा.

एमआयडी मिळताना कुठे घोळ होतो

बहुतेक अर्ज एकाच कारणाने परत येतात: नावे जुळत नाहीत. परवाना वडिलांच्या नावे, पॅन मुलाचे, खाते सुनेचे, असे चालत नाही. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर पॅन, खाते आणि परवाना किंवा शॉप अ‍ॅक्टची पावती एकाच व्यक्तीची हवी. भागीदारी असेल तर फर्मचे पॅन आणि फर्मचे खाते. महिला बचत गटाच्या दुकानासाठी गटाचे खाते आणि सह्या करणाऱ्यांचे ओळखपत्र. यासोबत आधार, रद्द केलेला चेक, पाटी दिसेल असा दुकानाचा बाहेरून फोटो आणि एक आतून. जीएसटी किंवा उद्यम नोंदणी असेल तर तीही जोडा.

खाते कोणते देता याचाही विचार करा. पीक कर्जाचे केसीसी खाते देऊ नका. केवायसी अपुरी असलेले ‘छोटे खाते’ तर मुळीच नको: त्यात वर्षाला एकूण 1 लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक 50,000 च्या वर जाऊ शकत नाही. मृगाच्या गर्दीत ही मर्यादा चार दिवसांत ओलांडते आणि त्यापुढची रक्कम परत जाते. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत ज्यांचे खाते होते त्यांनी एक काम जरूर करावे. 1 मे 2025 पासून ती बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली आहे. तुमच्या एमआयडीमागे जुनाच आयएफएससी (शाखेचा कोड) नोंदलेला आहे का ते बघा आणि शाखेतून नवा लिहून घेऊन आम्हाला कळवा.

दुकानाचे जे नाव नोंदवाल तेच गिऱ्हाइकाच्या बँक मेसेजमध्ये आणि पासबुकात दिसते. पाटीवर एक नाव आणि नोंदीत मालकाचे आडनाव असेल तर महिन्याने गिऱ्हाइकाला वाटते, हा खर्च आपला नाहीच, आणि तो बँकेत तक्रार करतो. म्हणून पाटीवरचेच नाव द्या. जागा मोजक्याच अक्षरांची असते, तेव्हा ‘अँड सन्स’सारखी शेपटी गाळली तरी चालेल, गावाचे नाव मात्र बरोबर असू द्या.

एमसीसीही स्वतः वाचून बघा. धंदा एक आणि कोड दुसऱ्याचा असेल तर व्यवहाराची मर्यादा आणि काही कार्डांचे दर चुकीचे लागतात. उदाहरणार्थ, हॉस्पिटल आणि शिक्षणसंस्थेला यूपीआयने एका वेळी 5 लाखांपर्यंत रक्कम घेता येते. हॉस्पिटलची नोंद साध्या किरकोळ दुकानाच्या कोडखाली झाली तर ती सवलत मिळत नाही.

किती पैसे कापले जातात

बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे. आधीच्या आर्थिक वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर मशीनवर 0.40 टक्के, एका व्यवहाराला जास्तीत जास्त 200 रुपये. उलाढाल त्याहून जास्त असेल तर 0.90 टक्के, जास्तीत जास्त 1,000 रुपये. क्रेडिट कार्डाचा दर तुमच्या करारात असतो, तो सही करण्याआधी वाचा.

हिशेब असा: उलाढाल 20 लाखांच्या आत, गिऱ्हाइकाने व्हिसा डेबिट कार्डावर 6,500 रुपये दिले. 0.40 टक्के म्हणजे 26 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 4 रुपये 68 पैसे. खात्यात 6,469 रुपये 32 पैसे यायला हवेत. 2,000 रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारात या शुल्कावर जीएसटी लागत नाही. 1,800 च्या व्यवहारात फक्त 7 रुपये 20 पैसे कापून 1,792 रुपये 80 पैसे येतील. लहान दुकान असून 0.90 ने कापले जात असेल तर एमआयडी मोठ्या व्यापाऱ्यांच्या गटात टाकला गेला आहे. उलाढालीचा पुरावा देऊन तो बदलून घ्या, आम्ही अर्ज भरून देतो. आणि डेबिट कार्डवाल्या गिऱ्हाइकाकडून हे शुल्क वर मागायचे नाही, नियमाने मनाई आहे.

पैसे आले नाहीत तर

आधी बॅच, म्हणजे मशीनमध्ये साठलेले कार्ड व्यवहार, बघा. ते हिशेबासाठी बँकेकडे पाठवणे म्हणजे सेटलमेंट. कार्डाचे पैसे सेटलमेंट झाल्यावर साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात. बरीच मशीन रात्री आपोआप सेटलमेंट करतात, जुनी करत नाहीत. त्यांवर दुकान बंद करताना मेन्यूतून सेटलमेंट दाबावे लागते. लाइन गेली, बॅटरी उतरली किंवा टॉवर नसला तर बॅच तशीच पडून राहते आणि पैसेही. चुकून 650 ऐवजी 6,500 टाकले असतील तर सेटलमेंटच्या आधी ‘व्हॉइड’ करा, व्यवहार तिथेच रद्द होतो. सेटलमेंटनंतर व्हॉइड चालत नाही, रिफंड करावा लागतो आणि गिऱ्हाइकाला वाट बघावी लागते.

बॅच ठीक असेल आणि गिऱ्हाइकाच्या खात्यातून कटूनही तुमच्याकडे यशस्वी दाखवत नसेल, तर माल देण्याची घाई करू नका. त्याच्याकडून दुसऱ्यांदा पैसे घेण्याआधी अ‍ॅपमध्ये किंवा खात्यात बघा. व्यवहार खरोखर अडला असेल तर कार्ड असो वा यूपीआय, व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत रक्कम गिऱ्हाइकाला आपोआप परत गेली पाहिजे. त्याहून उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई त्याला मिळते. हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, भांडण टळते.

तक्रारीत एमआयडी, टीआयडी, आरआरएन, तारीख-वेळ आणि रक्कम हे पाचही लिहा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, माहितीसाठी 14448.

मशीनवर नुसता आकडा येऊन व्यवहार फसला तर आकडा लिहून ठेवा. 51 म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्यात पैसे कमी, 55 म्हणजे पिन चुकला, 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली, 91 म्हणजे त्याची बँक उत्तर देत नाही. यात तुमचा दोष नाही. पण 03 आला तर एमआयडी चुकीचा किंवा बंद आहे, आणि 58 आला तर त्या मशीनला तसा व्यवहार करायची परवानगी नाही. 03 आणि 58 साठी लगेच आम्हाला फोन करा. मशीन पुन्हा-पुन्हा चालू-बंद करून ते सुधारत नाही. बराच काळ एकही व्यवहार नसेल तर बँक एमआयडी निष्क्रिय करू शकते, म्हणून हंगामी दुकानांनी मे महिन्यातच 10 रुपयांचा एक व्यवहार करून बघावा.

साउंडबॉक्स बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असे नसते. त्यात सिम असते, टॉवर गेला की तो गप्प राहतो. शिवाय तो एकाच क्यूआरशी जोडलेला असतो, दुसऱ्या कंपनीच्या स्टिकरवर आलेले पैसे तो सांगणार नाही. उलट, गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधला स्क्रीनशॉट हा कसलाच पुरावा नाही. खात्री अ‍ॅपमध्ये किंवा खात्यातच करा.

फसवणूक आणि जबाबदारी

एमआयडी काही पासवर्ड नाही, प्रत्येक स्लिपवर तो छापला जातो. त्यामुळे तो सांगणारा माणूस बँकेचाच आहे असे समजू नका. ‘तुमचा एमआयडी आज बंद होणार’ म्हणून ओटीपी मागणारा किंवा मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकायला लावणारा फोन आला की कट करा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवा. दुकान उघडताना रोज सकाळी स्वतःचा क्यूआर स्कॅन करून नाव तुमचेच येते का बघा. रात्री बाहेरच्या स्टिकरवर दुसरे स्टिकर चिकटवले जाते आणि दिवसभराची विक्री तिसऱ्याच्या खात्यात जाते.

शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला ‘तुमच्या मशीनवर एवढे ओढून द्या, रोख द्या’ म्हणून मदत करू नका. नोंदीत ती विक्री तुमच्या एमआयडीवर पडते. कार्डधारकाने तक्रार केली तर रक्कम तुमच्या खात्यातून परत ओढली जाते, आणि बिल दाखवता आले नाही तर एमआयडी बंद होतो. कार्ड नेटवर्क अशा बंद केलेल्या दुकानांची यादी ठेवतात, पुढे दुसरी बँकही मशीन द्यायला कचरते. अशी रक्कम परत ओढण्याची, म्हणजे चार्जबॅकची, नोटीस आली तर त्यातली मुदत बघा आणि बिल, स्लिप, माल दिल्याची सही लगेच पाठवा. मुदत हुकली की बाजू खरी असूनही पैसे जातात.

मशीन आठवडी बाजारात नेणार असाल तर आधी सांगा. नोंदीत त्याचे ठिकाण अक्षांश-रेखांशासह असते.

दुकान बदलले, मालक बदलला, बंद केले

गाळा बदलला तर पत्ता बदलायचा अर्ज, एमआयडी तोच. दुकान विकले, भागीदार बदलला किंवा मालक वारले तर पॅन बदलते, म्हणून नवा एमआयडी घ्यावा लागतो. जुन्यावर विक्री चालू ठेवली तर पैसे जुन्या खात्यात जात राहतात आणि वारसांना ते काढायला त्रास होतो. मशीन नको असेल तर नुसते कपाटात ठेवू नका, भाडे दर महिन्याला कापले जाते. शेवटची बॅच सेटल करा, मशीन, चार्जर आणि सिम आमच्याकडे जमा करून पावती घ्या, आणि एमआयडी बंद झाल्याचे पत्र किंवा ईमेल मिळेपर्यंत खाते बंद करू नका.