दप्तर वेगळं, घरचे कागद वेगळे

लिंकनने गुलाममुक्तीचा जो जाहीरनामा काढला, त्याचा अस्सल कागद वॉशिंग्टनमध्ये कुठे आहे? नॅशनल अर्काइव्हज या सरकारी अभिलेखागारात की लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. 1 जानेवारी 1863 ची सही-शिक्क्याची पाच पानी प्रत अर्काइव्हजमध्ये आहे. 22 जुलै 1862 रोजी मंत्रिमंडळापुढे ठेवलेला, लिंकनच्या स्वतःच्या हातचा पहिला मसुदा लायब्ररीत आहे.

यातला पहिला कागद म्हणजे सरकारी दप्तर. कचेरीच्या कामासाठी कागद तयार झाला आणि काम उरकल्यावर तिथेच राहिला. दुसरा म्हणजे घरचे कागद. त्या काळी राष्ट्राध्यक्षाचा पत्रव्यवहार ही त्याची खासगी मालमत्ता समजली जाई. लिंकनचे कागद मुलाकडे, रॉबर्टकडे गेले. त्याने ते लायब्ररीला दिले, पण अट घातली: मी गेल्यावर 21 वर्षं उघडायचे नाहीत. तो 1926 मध्ये वारला, आणि 26 जुलै 1947 ला ते अभ्यासकांना खुले झाले. सरकारी दप्तरावर अशी अट घालायला कुणी वारस नसतो.

म्हणून दप्तर जास्त सुरक्षित, असंही नाही. नॅशनल अर्काइव्हज स्थापन झालं 1934 मध्ये. त्याआधीच, 1921 साली, वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली आणि 1890 च्या जनगणनेचे बहुतेक कागद हातचे गेले. 1880 ते 1900 या वीस वर्षांत कोण कुठे राहत होतं, हे शोधणारे आजही त्या भगदाडापाशी अडतात.

पत्र दिसलं की ते खासगी, अशी समजूत असते. तिथेच फसायला होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या विधवांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आयांना 1862 च्या कायद्याने पेन्शन मिळू लागली. पण पुरावा हवा. लग्न झाल्याचा दाखला नसेल, तर कुणी घरातल्या बायबलचं लग्न-जन्माच्या नोंदींचं पान फाडून जोडलं. मुलगा पैसे पाठवत होता हे दाखवायला आईने त्याची छावणीतली पत्रंच अर्जासोबत दिली. ती तिच्याकडे परत गेली नाहीत, पेन्शनच्या फायलीत राहिली. मुलाच्या हातचं जे काही उरलं होतं, ते तिने थोड्याशा मासिक रकमेसाठी सरकारच्या हवाली केलं, हे ती फाईल वाचताना विसरता येत नाही. म्हणून एखाद्या साध्या सैनिकाचं पत्र शोधायचं तर घराण्याच्या संग्रहाइतकंच पेन्शनचं दप्तरही चाळावं.

घरांच्या फोटोंत उलटा प्रकार दिसतो. कुटुंबाने ओसरीवर उभं राहून काढून घेतलेला फोटो घरचाच. पण 1933 मध्ये मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना काम म्हणून सरकारने जुन्या इमारतींची मापं, नकाशे आणि फोटो घ्यायला लावले. काम सरकारी, तरी तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येच आहे. फोटोत माणसं नसली तरी खिडकीची चौकट इंचापर्यंत मोजलेली सापडते.

कागद कुणी लिहिला यापेक्षा तो कुणाकडे पोचला, हे आधी विचारावं. आनंदीबाई जोशींनी 1883 साली वैद्यकीय प्रवेशासाठी केलेलं पत्र कल्याणच्या किंवा पुण्याच्या घरी शोधून मिळणार नाही. ते कॉलेजला मिळालं, म्हणून कॉलेजच्या दप्तरात राहिलं. आज ते फिलाडेल्फियात, ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे.