दोन शोषखड्ड्यांचे शौचालय : निगा व दुर्गंधीनिवारण

मैला थोड्या पाण्याने वाहून नेऊन दोन झिरप्या खड्ड्यांत आलटूनपालटून सोडणाऱ्या घरगुती शौचालयास हे नाव आहे. तीव्र उताराचे भांडे, त्याखालील वक्र नळी (गवंडी तिला ‘कोंबडा’ म्हणतात), वाय आकाराचे चेंबर आणि जाळीदार वीटकामाचे दोन खड्डे ही त्याची अंगे होत. विदर्भाच्या खेड्यांत संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान (२०००–०१ पासून) आणि २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेले स्वच्छ भारत अभियान यांमुळे त्याचा प्रसार वाढला.

या रचनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. वक्र नळीत पाणी अडवून वायू रोखण्याची, म्हणजे जलबंदाची, कल्पना जुनी असून लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. शोषखड्ड्याशी तिची सांगड कोणी घातली, हा वादाचा मुद्दा आहे. एका मतानुसार याचे श्रेय बिंदेश्वर पाठक यांना जाते. त्यांनी १९७० मध्ये बिहारमध्ये सुलभ संस्था स्थापन करून दोन खड्ड्यांची पद्धत देशभर नेली. दुसऱ्या मतानुसार १९५० च्या दशकात लखनौच्या नियोजन संशोधन व कृती संस्थेत, तसेच सिंगूर, पूनमल्ली व नजफगड येथील संशोधन-नि-कृती प्रकल्पांत जलबंदाची स्वस्त शौचालये सिद्ध झालेली होती आणि पुढील रचना हा त्यांचाच विकास होय. काही लेखक तिचा संबंध सेवाग्राममधील (१९३६ पासून) मातीने झाकण्याच्या चराच्या संडासाशी आणि गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांच्या कणकवली येथील गोपुरी संडासाशीही जोडतात. परंतु या दोहोंचा भर मैल्याचे खत करण्यावर होता, म्हणून हे नाते बांधणीचे नसून दृष्टीचे मानणे योग्य ठरेल. उपलब्ध पुरावा पाहता क्रमविकासाचे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र त्यामुळे प्रसाराचे सुलभचे श्रेय उणे होत नाही.

दुर्गंधीचे मूळ प्राणवायूविना होणाऱ्या कुजण्यात असते. त्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो; त्याची मात्रा वाढली की नाक बधिर होऊन वास जाणवेनासा होतो, म्हणूनच बंद टाकीत तो प्राणघातक ठरतो. सुस्थितीतील शोषखड्ड्यात वायू जाळीतून भोवतीच्या मातीत मुरतात आणि घराकडील वाट जलबंद अडवतो, त्यामुळे या रचनेला वायुनलिका लागत नाही. सेप्टिक टाकीचे अनुकरण म्हणून खेडोपाडी उभे केलेले पाइप बहुधा निरुपयोगी असतात. वास आला म्हणजे पाइप उंच करण्याआधी जलबंद तपासावा.

सुलभ पद्धतीत जलबंदाची खोली अवघी २० मिमी. असते. या कमी खोलीमुळेच दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो, ही पाणीटंचाईच्या गावांत मोठीच सोय आहे. पण विदर्भाच्या उन्हाळ्यात, जेव्हा तापमान ४५ अंशांच्या वर जाते, तेव्हा लग्नसराईत वा वीटभट्टीच्या कामासाठी घर बंद राहिल्यास हेच थोडे पाणी आटते, वास येऊ लागतो आणि परतल्यावर ‘खड्डा भरला’ असा समज होतो. अशा वेळी भांड्यात एक-दोन तांबे पाणी ओतणे पुरते. घर सोडताना जलबंदातील पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडल्यास बाष्पीभवन मंदावते. फिनाइल, ॲसिड वा ब्लीचिंग पावडरचा सढळ वापर मैला कुजवणाऱ्या जिवाणूंना मारतो, म्हणून साधे पाणी व ब्रश इष्ट होय. न्हाणीचे पाणी खड्ड्यात सोडणे ही सर्वांत नुकसानकारक चूक आहे. खड्डा सतत ओला राहून माती शोषेनाशी होते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील, म्हणजे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात (खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात) दुर्गंधीचे आणखी एक कारण संभवते. तेथील भूजलातील क्षारांत सल्फेटचाही अंश असतो आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असल्याने शिडाच्या नौकांवरील शौचालयांत नळीत साचून राहिलेल्या पाण्याला असाच वास सुटतो. तेथे नौका सोडताना गोड्या पाण्याने नळी धुण्याचा प्रघात आहे. खारपाणपट्ट्यातही घर बंद ठेवण्यापूर्वी साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा शेवटचा ओत देणे उपयुक्त ठरू शकेल.

काळ्या कापसाच्या जमिनीत खड्ड्याची बांधणी विशेष काळजीची असते. ही माती ओली झाल्यावर फुगते, शोषण मंदावते आणि पावसाळ्यात भांड्यात पाणी तुंबते; वाळल्यावर ती भेगाळून वीटकामावर ताण आणते. यासाठी खड्ड्याभोवती ३०० मिमी. जाडीचा वाळू किंवा बारीक गिट्टीचा थर देण्याची शिफारस आहे. खर्चात काटकसर करताना हाच थर बहुधा गाळला जातो आणि तो दोष नंतर दुरुस्त करणे जवळपास अशक्य असते. भंडारा, गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील धानपट्ट्यात भूजल वर येते, तेव्हा खड्डे उथळ ठेवून त्यांची तोंडे जमिनीच्या वर उचलावी लागतात.

एक खड्डा भरला की वाय चेंबरमधील त्याचे तोंड बंद करून दुसरे उघडतात. जंतांची अंडी मरून जावीत म्हणून भरलेला खड्डा दीड ते दोन वर्षे विसावू देतात. त्यानंतर त्यातील मातकट, गंधहीन सोनखत वावरात टाकता येते. दोन्ही तोंडे एकाच वेळी उघडी राहिल्यास दोन्ही खड्डे ओलेच राहतात, आणि ओला खड्डा माणसाकरवी उपसणे धोक्याचे तर आहेच, शिवाय २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उपसण्याच्या कामावर बंदी आहे.