बीटी वांगे जनसुनावण्या (२०१०)

जनुकीय परिवर्तित (जीएम) वांग्याच्या व्यापारी लागवडीला परवानगी द्यावी की नाही, हे ठरवण्यापूर्वी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या काळात कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगळूर या सात शहरांत घेतलेल्या जाहीर सभा. जालन्यात स्थापन झालेल्या महिको कंपनीने विकसित केलेल्या या वांग्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस (संक्षेपाने बीटी) या मातीतील जिवाणूचे जनुक घातलेले असून त्यामुळे शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीला मारक ठरणारे प्रथिन झाडातच तयार होते. केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा देशभर विरोध उसळला आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अंतिम निर्णय राखून ठेवला.

सभांना सुमारे ८,००० लोक आले. शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाणे कंपन्यांचे प्रतिनिधी, ग्राहक आणि स्वयंसेवी संस्था मंत्र्यांसमोर एकाच सभागृहात बोलल्या. काही ठिकाणी गदारोळही झाला. नागपूरच्या सभेला वेगळे वजन होते, कारण २००२ पासून बीटी कापूस पेरणाऱ्या विदर्भाकडे या तंत्रज्ञानाचा अनुभव आधीच होता. मात्र कापूस कोणी भाजी करून खात नाही. वांगे थेट ताटात येते, शिवाय त्याच्या असंख्य देशी वाणांचे भारत हे माहेरघर आहे. त्यामुळे दीर्घकालीन विषारीपणाच्या चाचण्या पुरेशा झाल्या का आणि परागीभवनातून देशी वाणांत हे जनुक शिरेल का, हे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले. राज्य सरकारांनीही पत्रांतून चिंता कळवली.

९ फेब्रुवारी २०१० रोजी रमेश यांनी लागवड बेमुदत स्थगित केली आणि सविस्तर कारणांसह निर्णय प्रसिद्ध केला. वैज्ञानिक प्रश्न सभेतल्या आवाजावर सोडवता येत नाहीत, हा तेव्हाचा आक्षेप रास्तच होता; परंतु किती अनिश्चितता पत्करायची आणि तिची झळ कोणी सोसायची, हे केवळ प्रयोगशाळेत ठरत नाही, आणि त्या निर्णयात झळ सोसणाऱ्यांना स्थान मिळाले हे या सभांचे खरे मोल आहे. त्यांची उणीवही तिथेच आहे. जनुकीय परिवर्तित जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांत अशा सुनावणीची सक्ती नव्हती. ती मंत्र्यांच्या इच्छेवर झाली. बांगलादेशाने हेच वांगे २०१३ मध्ये मंजूर केले. भारतात जीएम मोहरीला दिलेल्या परवानगीविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २३ जुलै २०२४ रोजी परस्परविरोधी निकाल दिले, तरी सर्व संबंधितांशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचे एकमत झाले.