सव्वीस लहान शेवंडी आणि खबरदारीचा बचाव

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतात, लॉकपोर्ट नावाचं एक छोटं बंदर आहे. पिअर्स फिशरीज या कंपनीच्या तिथल्या आवारात तपासणी झाली, तेव्हा पन्नास ते साठ हजार पौंड शेवंड (लॉबस्टर) साठवलेली होती, म्हणजे पंचवीस टनांच्या आसपास. त्या सगळ्या मालात नियमापेक्षा लहान निघाल्या त्या फक्त २६. खटला त्या २६ शेवंडींवरून उभा राहिला आणि थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. मासेमारीच्या गुन्ह्यांत आज ‘ड्यू डिलिजन्स’ म्हणून जो बचाव घेता येतो, म्हणजे ‘आम्ही योग्य ती सगळी खबरदारी घेतली होती’ असं सिद्ध करून सुटण्याची जी वाट आहे, तिची गोष्ट या २६ शेवंडींपासून सांगावी लागते.

आधी ‘लहान’ म्हणजे काय ते पाहू. शेवंडीची पूर्ण लांबी मोजत नाहीत, कारण शेपूट आत वळतं आणि पुढचे काटे मोडतात. मोजायचं ते पाठीवरचं कवच. हातात मावेल एवढी धातूची मापपट्टी असते. तिचं एक टोक डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेला टेकवायचं आणि पट्टी पाठीच्या मध्यरेषेला समांतर धरायची. दुसरं टोक कवचाच्या मागच्या कडेपलीकडे गेलं, तर ती शेवंड परत पाण्यात. नैर्ऋत्य नोव्हा स्कोशियात सध्या किमान माप ८२.५ मिलिमीटर आहे. पोटाखाली अंडी असलेली मादी कितीही मोठी असली तरी सोडायचीच. तिथला हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीला उघडतो. हलत्या, ओल्या डेकवर, गारठलेल्या हातांनी एकेक शेवंड मापायची, मग तिच्या चिमट्यांना रबर लावून पेटीत टाकायची. हे काम डोळ्यांसमोर आणलं की एखाद दुसरी चूक होणारच, हे लगेच पटतं. कायद्यापुढचा प्रश्नही नेमका हाच होता: चूक होणारच असेल, तर तिला गुन्हा कधी म्हणायचं?

पिअर्स फिशरीजचं म्हणणं सरळ होतं. लहान शेवंड घ्यायची नाही अशी माणसांना सूचना दिलेली आहे, आणि त्या २६ शेवंडी मालात आहेत हे कंपनीच्या कुठल्याही जबाबदार माणसाला ठाऊक नव्हतं. खालच्या न्यायालयांनी ते मान्य करून कंपनीला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये निकाल फिरवला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती रोलंड रिची यांनी लिहिला. त्यांचा मुद्दा असा की हा चोरीसारखा किंवा मारहाणीसारखा गुन्हा नाही. सगळ्यांच्या मालकीचा मत्स्यसाठा टिकावा म्हणून केलेला हा नियम आहे. कंपनीतल्या वरच्या माणसाला माहीत नव्हतं एवढ्यावर सुटका मिळू लागली, तर कंपन्यांविरुद्ध असे गुन्हे शाबित करणं जवळपास अशक्य होईल. सरन्यायाधीश जॉन कार्टराइट यांना हे पटलं नाही. गुन्हेगारी मन नसताना शिक्षा नको, हा जुना दंडक सोडायला ते तयार नव्हते.

हा वाद कॅनडात उगवलेला नाही. इंग्लंडमध्ये १८४६ साली तंबाखूच्या एका व्यापाऱ्याला भेसळीचा माल बाळगल्याबद्दल जबाबदार धरलं होतं, भेसळीची त्याला कल्पना नसतानाही. कारखाने वाढले तसे अन्न, दूध, दारू, औषधं यांचे नियम वाढले आणि ‘मनात काय होतं’ हे न विचारता दंड करणारे कायदेही वाढत गेले. शंभर सव्वाशे वर्षं न्यायालयांपुढे दोनच खाने होते. एक तर सरकारने आरोपीचा हेतू सिद्ध करायचा, नाही तर कृत्य घडलं एवढंच दाखवलं की शिक्षा. पहिल्या खान्यात मोठे मासे निसटत, दुसऱ्यात मनापासून काळजी घेणारा आणि बेफिकीर हे दोघं एकाच दोराने बांधले जात. मला ही दुसरी गोष्ट जास्त टोचते. जपून वागणाऱ्याला आणि न वागणाऱ्याला शिक्षा सारखीच असेल, तर जपून वागायला उरतं काय?

मधला खाना १९७८ मध्ये उघडला, आणि तो माशांवरून नाही, कचऱ्यावरून. ऑन्टारिओतल्या सू सेंट मरी या शहराने कचरा टाकण्याचं काम एका कंत्राटदाराला दिलं होतं. कचऱ्यामुळे जवळचा ओढा आणि नदी दूषित झाली, आणि खटला शहरावरही झाला. न्यायमूर्ती ब्रायन डिक्सन यांनी एकमताच्या निकालात गुन्ह्यांचे तीन प्रकार केले. पहिल्यात हेतू किंवा जाणीव सिद्ध करावीच लागते. तिसऱ्यात कृत्य घडलं की दोष ठरला, बचाव नाही. आणि मधल्यात, ज्याला त्यांनी ‘स्ट्रिक्ट लायबिलिटी’ म्हटलं, सरकारने फक्त कृत्य सिद्ध करायचं. मग आरोपीला संधी आहे की आपण योग्य ती सगळी काळजी घेतली होती, किंवा वस्तुस्थितीबद्दल आपला सकारण गैरसमज झाला होता, हे त्याने दाखवावं. संशयापलीकडे नव्हे, तर शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकेल इतपत. लोककल्याणाच्या नियमांचे गुन्हे साधारणपणे या मधल्या खान्यात पडतील, असंही त्यांनी सांगितलं.

त्याच निकालात डिक्सन लॉकपोर्टकडे परत वळले. पिअर्सच्या निकालाने सरकारला हेतू सिद्ध करण्यातून मोकळं केलं, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी घेतला. फक्त योग्य मापाचीच शेवंड घेण्यासाठी शक्य ते सगळं केलं, हा बचाव त्या निकालाने बंद केलेला नाही, असं त्यांचं वाचन होतं. आठ वर्षांपूर्वीच्या कठोर निकालात त्यांनी खिडकी शोधली, आणि ती कायमची उघडी राहिली.

कंपनीसाठी त्यांनी घातलेली कसोटी मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. गुन्हा टाळण्यासाठी कंपनीने नीट व्यवस्था उभी केली होती का, आणि ती व्यवस्था चालू राहावी म्हणून पावलं उचलली होती का? दोन्ही हवं. भिंतीवर सूचना लावली, हा पहिला अर्धा भाग झाला. ती पाळली जाते का, हे कोण बघतं, किती वेळा बघतं, न पाळणाऱ्याचं काय होतं, हा दुसरा. कोर्टात मालक हमखास अडकतात ते या दुसऱ्या भागात. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य तिथे पुरत नाही.

यानंतरची वाटचाल भराभर झाली. १९८२ मध्ये कॅनडात मूलभूत हक्कांची सनद आली. निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणं तिच्यात बसतं का, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमनाच्या गुन्ह्यांपुरतं ते चालेल असं ठरवलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने हा बचाव थेट मत्स्य कायद्यात, कलम ७८.६ मध्ये लिहिला गेला. म्हणजे न्यायाधीशांनी घडवलेली गोष्ट मच्छीमाराला आता कायद्याच्या पुस्तकात बोट ठेवून दाखवता येऊ लागली. पुढच्याच वर्षी, जुलै १९९२ मध्ये, न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी सरकारला बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचं पोट एका दिवसात अडचणीत आलं. साठा संपतो म्हणजे काय, हे त्या किनाऱ्याने भोगलं. बचाव द्यायचा पण सैल द्यायचा नाही, ही तिथल्या न्यायालयांची भूमिका याच पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवी.

या बचावाला दोन कुंपणं आहेत. एक, तो वस्तुस्थितीच्या गैरसमजाला आहे, कायद्याच्या अज्ञानाला नाही. ‘जाळं ठरलेल्या मापाचं आहे असं मला सकारण वाटलं’ हे चालेल; ‘माप बदललं हे मला कळलंच नाही’ हे चालणार नाही, असं १९८० च्या मोलिस निकालाने पक्कं केलं. दुसरं, कागद. १९९५ च्या फिट्झपॅट्रिक खटल्यात एका बोटीच्या कप्तानाचं म्हणणं होतं की मासेमारीच्या नोंदी आणि बंदरावर येताना कळवलेला पकडीचा अंदाज कायद्याच्या सक्तीने दिलेला आहे, तर तो माझ्याच विरुद्ध पुरावा कसा? न्यायमूर्ती ला फॉरेस्ट यांनी हे म्हणणं नाकारलं. परवाना घेऊन या धंद्यात उतरलात, तर नोंदीही सोबत आल्या. हीच नोंदवही नीट ठेवली असेल तर खबरदारीचा सगळ्यात चांगला पुरावा ठरते, आणि मागाहून एका बैठकीत भरली असेल तर तीच गळ्याशी येते.

आपल्याकडे हाच वाद मुंबईच्या विमानतळावर रंगला होता. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेल्या एका प्रवाशाकडे, मायर हान्स जॉर्जकडे, ३४ किलो सोनं सापडलं. भारतातून पुढे नेलं जाणारं सोनंही जाहीर करायला लावणारी रिझर्व्ह बँकेची नवी अधिसूचना निघून काही दिवसच झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी धरलं. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचं मत वेगळं पडलं, आणि थोड्याच काळाने मध्य प्रदेशातल्या नथुलाल या धान्य व्यापाऱ्याच्या खटल्यात त्यांनी प्रामाणिक समजुतीची बाजू उचलून धरली. ‘ड्यू डिलिजन्स’ हे शब्द आपल्या कायद्यांतही आले. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात आणि १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांना तो बचाव दिला गेला. पण डिक्सन यांच्यासारखा, सगळ्या नियमनाच्या गुन्ह्यांना लागू होणारा मधला खाना आपल्याकडे तसा स्वच्छ आखला गेला नाही. प्रत्येक कायद्याची भाषा बघायची आणि त्यातून वाट काढायची, अशीच आपली रीत राहिली.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पावसाळ्यातली बंदी, थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरचे निर्बंध, जाळ्याच्या आसाचं (भोकाचं) माप, आणि आता माशांचं किमान माप, अशी नियमांची यादी वाढत चालली आहे. वाढायलाच हवी, पापलेटचं पिल्लू टोपलीत विकलं जाताना बघून ज्याच्या पोटात कालवत नाही असा कोळी मला तरी भेटलेला नाही. पण समुद्रावर जातो तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, खलाशी ओढतात जाळं, आणि बोट असते तिसऱ्याच्या नावावर. दंड कुणाच्या माथी मारायचा, हे ठरवताना कोण काय करू शकत होतं, हे विचारलं गेलं पाहिजे. डोल जाळं ओहोटी-भरतीच्या ओढीवर उभं असतं. त्यात काय शिरेल हे खलाशाच्या हातात नाही. शेवंड जिवंत असते, मापून सोडता येते. डोलीतून वर आलेलं पापलेटचं पिल्लू मेलेलंच असतं, त्याला मापून उपयोग नाही. तिथे खबरदारी घ्यायची ती किनाऱ्यावर असताना, जाळ्याच्या खोळ्याला, म्हणजे मासे साठतात त्या शेवटच्या पिशवीला, कोणता आस लावायचा हे ठरवताना. आणि तो आस निवडण्याचे पैसे तांडेलाच्या खिशातून जात नाहीत, मालकाच्या जातात.