सान लोरेंझो चर्च व मेदीची घराणे

सान लोरेंझो चर्च व मेदीची घराणे : इटलीतील फ्लॉरेन्स शहरातल्या सान लोरेंझो (संत लॉरेन्स) या धर्मग्राम-चर्चला (वस्तीच्या स्थानिक चर्चला) त्याच धर्मग्रामात राहणाऱ्या मेदीची या पेढीवाल्या घराण्याने सु. १४२० पासून १७४३ पर्यंत, अधूनमधून खंड पडत, आश्रय दिला. आरंभी हे नाते इतर घराण्यांबरोबरच्या वर्गणीचे होते. पुढे ते जवळजवळ मालकीचे झाले.

परंपरेनुसार मूळ चर्चचा अभिषेक मिलानचे बिशप संत अँब्रोझ यांनी इ. स. ३९३ मध्ये केला. त्या जागी पुन्हा बांधलेल्या चर्चचा अभिषेक १०५९ मध्ये झाला. सध्याच्या वास्तूचा आरंभ प्रायर (चर्चच्या धर्ममंडळाचे प्रमुख) मातेओ दोल्फीनी यांच्यापासून धरतात. १४१८ मध्ये त्यांनी चर्चमागची घरे पाडून विस्तार करण्याची परवानगी मागितली. खर्चाची सोय त्या काळच्या रूढ पद्धतीने झाली : चॅपेलचा (चर्चमधील स्वतंत्र वेदीच्या लहान दालनाचा) खर्च उचलणाऱ्या घराण्याला तेथे कुलचिन्ह लावण्याचा, दफनाचा आणि पूर्वजांसाठी मिस्सा (वेदीवरील उपासनाविधी) करवण्याचा हक्क मिळे. रोंदिनेल्ली, जिनोरी, देल्ला स्तूफा इ. घराण्यांनी चॅपेले घेतली. जोव्हान्नी दी बिच्ची दे मेदीची यांनी एक चॅपेल आणि त्यालगतची सॅक्रिस्टी (धर्मगुरूंची वस्त्रे व पूजासाहित्य ठेवण्याची खोली) घेतली. हीच ‘जुनी सॅक्रिस्टी’.

तिचा वास्तुकार फिलिप्पो ब्रूनेल्लेस्की याबद्दल दुमत नाही. कालनिश्चिती मात्र सोपी नाही. बांधकाम १४२१ च्या सुमारास सुरू झाले असावे. घुमटावरील कंदिलावर (शिखरावरच्या खिडक्यांच्या लहान मनोऱ्यावर) १४२८ हे वर्ष कोरलेले आहे. जोव्हान्नींचा मृत्यू फेब्रुवारीतला. फ्लॉरेन्सचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने जुन्या कागदांत त्याचे साल १४२८ पडते, आजच्या गणनेने १४२९. जुन्या ग्रंथांतील एका वर्षाचे फरक बहुधा यातूनच आलेले आहेत. जोव्हान्नी व त्यांच्या पत्नी पिकार्दा यांची समाधी खोलीच्या मध्यभागी, संगमरवरी मेजाखाली आहे. ती ब्रूनेल्लेस्कीचा दत्तकपुत्र बूज्जानो याची मानतात. गिलाव्यातील गोल शिल्पपट व काशाची दारे शिल्पकार दोनातेल्लोची.

अधिक वाद आहे तो वेदीवरच्या लहान घुमटातील आकाशचित्रावर. सूर्य, चंद्र, ग्रह व राशी येथे एका ठरावीक दिवसाच्या स्थितीत दाखवल्या आहेत. मुख्य वेदीच्या अभिषेकाशी जुळणारा ९ जुलै १४२२ हा दिवस पूर्वी मानला जाई. चर्चसंघाच्या फ्लॉरेन्स परिषदेत पूर्व व पश्चिम चर्चचे ऐक्य घोषित झाले तो ६ जुलै १४३९ हा दिवसही सुचवला गेला. नंतरच्या गणितानुसार ग्रहस्थिती जुलै १४४२ च्या पहिल्या आठवड्याशी, बहुधा ४ तारखेशी, अधिक नीट जुळते आणि आता बहुतेक अभ्यासक तेच स्वीकारतात. त्या सुमारास फ्रान्समधील आंजूचा ड्यूक रने शहरात आला होता. पण चित्राचे प्रयोजन एवढ्यावरून सिद्ध होत नाही. सांता क्रोचे चर्चमधील पात्सी चॅपेलातही हेच आकाश आढळते. त्यामुळे सान लोरेंझोपुरत्याच एखाद्या प्रसंगाशी ते जोडणारी मते दुबळी ठरतात.

दोल्फीनींच्या मृत्यूनंतर काम रेंगाळले. १४४२ च्या ऑगस्टमध्ये जोव्हान्नींचे पुत्र कोसीमो यांनी चर्चच्या धर्ममंडळाशी करार केला. मुख्य वेदीचा भाग व मध्यदालन पुरे करण्याचा खर्च त्यांनी पत्करला आणि मोबदल्यात त्या भागात दुसऱ्या कोणाचे कुलचिन्ह वा थडगे येणार नाही अशी अट मान्य करून घेतली. वर्गणीदाराचा धनी झाला तो येथे. ब्रूनेल्लेस्की १४४६ मध्ये वारला. पुढील काम वास्तुकार मिकेलोत्सोचे की आंतोनिओ मानेत्ती च्याकेरीचे, यावर मतभेद असून दुसऱ्या नावाकडे कल अधिक आहे. १४६४ मध्ये वारलेल्या कोसीमोंचे दफन मुख्य वेदीच्या नेमके खाली, तळघरातील खांबात झाले. ही जागा एरवी संतांच्या अवशेषांची. वरच्या फरशीवरील खूण शिल्पकार व्हेरोक्क्योची आहे. पिएरो व जोव्हान्नी या त्यांच्या मुलांची मानवाकृतिविरहित समाधीही (१४७२) त्याचीच.

१४९४ व १५२७ मध्ये मेदीची शहरातून हद्दपार झाल्यामुळे आश्रयात खंड पडला. पोप दहावे लिओ (जोव्हान्नी दे मेदीची) यांनी दर्शनी भागाचे काम मायकेलअँजेलोला दिले. १५१८ चा तो करार १५२० मध्ये रद्द झाला आणि दर्शनी भिंत आजही ओबडधोबड, उघडीच आहे. त्याऐवजी ‘नवी सॅक्रिस्टी’ व ग्रंथालय यांकडे लक्ष वळले. नव्या सॅक्रिस्टीत नमूरचा ड्यूक जूल्यानो व उर्बीनोचा ड्यूक लोरेंझो यांच्या समाध्या आहेत. कोसीमोंचे ख्यातनाम नातू ‘लोरेंझो द मॅग्निफिसंट’ यांच्या वाट्याला मात्र पूर्ण समाधी आली नाही. ग्रंथालय १५७१ मध्ये खुले झाले.

मेदीची घराण्यातील तस्कनीचे ग्रँड ड्यूक पहिले फेर्दिनांदो यांच्या कारकिर्दीत, १६०४ मध्ये, ‘राजपुत्रांचे चॅपेल’ सुरू झाले. त्याच्या भिंतींवरील रंगीत कठीण दगडांचे जडावकाम १५८८ मध्ये स्थापलेल्या राजकारखान्यात होई. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांखाली असलेला मौल्यवान दगडांचा चौथरा याच परंपरेतला. ग्रँड ड्यूक तिसरे कोसीमो यांनी तो शिल्पकार फोज्जीनी याच्याकडून करवून धाडला आणि १६९८ मध्ये तो उभारला गेला. संतांच्या मस्तकाखालची उशी मिळाल्याची ती परतभेट होती, असे सांगतात.

घराण्यातील शेवटच्या आन्ना मारिया लुईसा (मृ. १७४३) यांनी घंटामनोरा व चर्चच्या घुमटातील चित्रे (१७४२) करवली. चित्रकार पोन्तोर्मोने सोळाव्या शतकात वेदीमागील भागात काढलेली भित्तिचित्रे मात्र त्याच सुमाराच्या दुरुस्त्यांत नष्ट झाली. राजपुत्रांच्या चॅपेलाची फरशी १९६२ मध्ये पुरी झाली. मेदीची चॅपेले (नवी सॅक्रिस्टी व राजपुत्रांचे चॅपेल) १८६९ पासून सरकारी संग्रहालय असून त्यांचे प्रवेशद्वार चर्चहून वेगळे आहे.