क्युरासाव

क्युरासाव : कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण भागातील हे बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याच्या उत्तरेस सुमारे ६५ किमी. अंतरावर असून त्याचे क्षेत्रफळ ४४४ चौ. किमी. आहे. १० ऑक्टोबर २०१० पासून ते नेदर्लंड्सच्या राजेशाहीतील स्वायत्त देश आहे. विलेमस्टॅड ही त्याची राजधानी होय.

बेटाच्या नावाविषयी मतभेद आहेत. ‘हृदय’ या अर्थाच्या ‘कोरासाव’ या पोर्तुगीज शब्दापासून ते आले, असे काही जण मानतात. तर स्कर्व्हीने आजारी पडलेले खलाशी येथे बरे झाले म्हणून ‘उपचार’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून ते पडले, अशीही कथा सांगितली जाते. या दोन्ही व्युत्पत्ती नावाला अर्थ चिकटवण्याच्या नंतरच्या प्रयत्नांसारख्या वाटतात. सोळाव्या शतकातील स्पॅनिश नकाशांत नावाची कुरासोते, कुरासावोरे अशी वेगवेगळी रूपे आढळतात आणि जुन्या स्पॅनिश लेखनात येथील मूळ रहिवाशांनाही हेच नाव दिलेले दिसते. त्यामुळे ते मूळचे स्थानिक असावे, हे मत अधिक ग्राह्य ठरते.

१४९९ मध्ये स्पॅनिश येथे आले आणि १६३४ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीने बेट घेतले. पुढे ते गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र झाले. सेंट अ‍ॅना खाडीच्या दोन्ही तीरांवरील पुंडा व ओत्रोबांडा हे विलेमस्टॅडचे जुने भाग १८८८ मधील तरंगत्या पुलाने जोडले गेले; जहाज आले की हा पूल एका बाजूस सरकतो. १९९७ पासून शहराच्या ऐतिहासिक भागाला जागतिक वारशाचा दर्जा आहे. पुंडातील १७३२ च्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या जमिनीवर वाळू पसरलेली असते. घरांना भडक रंग देण्याची प्रथा १८१७ च्या आदेशाशी जोडली जाते : पांढऱ्या चुन्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळ्यांना त्रास होतो म्हणून त्या रंगाला मनाई झाली, असे सांगतात. त्यात गव्हर्नरचा स्वार्थ होता ही आख्यायिका मात्र पुराव्यावाचून स्वीकारू नये.

पोहण्याजोगे किनारे प्रामुख्याने नैर्ऋत्येकडे, शांत पाण्याच्या लहान खाड्यांत आहेत. पश्चिमेकडील केनेपा किनाऱ्यावर जाणाऱ्याने जवळच्या मळ्याचे जुने घर अवश्य पाहावे. तुला या गुलामाच्या नेतृत्वाखाली १७ ऑगस्ट १७९५ रोजी याच मळ्यावरील गुलामांनी काम नाकारले आणि बेटावरील सर्वांत मोठे बंड सुरू झाले. ३ ऑक्टोबर रोजी तुलाला देहदंड देण्यात आला. गुलामगिरी रद्द होण्यास १८६३ साल उजाडावे लागले.